तालुका न्यायालयांतील सुविधा आणि कारभार : सुधारणेचा पैसा आधी कशावर खर्च व्हावा?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या न्यायालयासाठी नवी इमारत मंजूर झाली असून वकील संघटनेने पक्षकारांना आणि नागरिकांनाही लेखी सूचना देण्याचे आवाहन केले आहे. त्या सूचना विचारपूर्वक लिहिल्या जाव्यात, म्हणून जाणकारांची मते मागवण्यासाठी हा धागा काढत आहे.

आधी निधीविषयी. केंद्रीय मंत्रिमंडळाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. चार वर्षांसाठी ७,२१० कोटी रुपये ठरले आणि त्यांपैकी २,०३८.४० कोटी केवळ जुन्या-नव्या कागदपत्रांच्या स्कॅनिंगसाठी व जतनासाठी आहेत. इमारतींसाठी १९९३-९४ पासून केंद्र पुरस्कृत योजना वेगळी चालू आहे. आपल्यासारख्या राज्यांत तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतला जातो. २०२१ पासून तिच्यात वकिलांची दालने, स्वच्छतागृहे आणि संगणक कक्ष यांचाही समावेश झाला. म्हणजे कागदावर तरी तरतूद आहे.

माझा आक्षेप निराळा आहे. इमारतीसाठी आणि संगणकासाठी लेखाशीर्ष सापडते, परंतु त्या इमारतीत पक्षकाराचा दिवस कसा जातो याची जबाबदारी कोणाची, हे मला कुठेच स्पष्ट लिहिलेले आढळले नाही. आमचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. आई सत्तरीच्या पुढची आहे. सकाळच्या एसटीने साडेदहाच्या आत पोहोचावे, तर व्हरांड्यातला एकमेव बाक आधीच भरलेला असतो. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, साठ-सत्तर प्रकरणे लागलेली असतात आणि आपला पुकारा अकराला होईल की साडेचारला, हे सांगणारे कोणी नसते. साहेब रजेवर आहेत, ही गोष्टसुद्धा दारात गेल्यावर कळते. स्वच्छतागृहाला बहुधा कुलूप असते आणि किल्ली मागण्याचा संकोच वाटतो, म्हणून आई घरून निघाल्यापासून पाणी पीत नाही.

एकच गोष्ट आधी करायची ठरवली, तर ती कोणती असावी असे आपल्याला वाटते?

वकीलीण_माणदेश

दादा, तुमच्या आईंच्या पाणी न पिण्याबद्दल वाचले आणि लगेच लिहायला बसले, कारण आम्ही तालुक्यात वकिली करणाऱ्या स्त्रियासुद्धा वर्षानुवर्षे हेच करत आलो आहोत. उलटतपास चालू असताना मध्येच उठता येत नाही, आणि उठले तरी जायचे कुठे हा प्रश्न असतो. त्यामुळे माझे उत्तर स्वच्छतागृह हेच आहे.

ही तक्रार आपल्याच भागाची आहे असे कोणी समजू नये. तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या विस्तारित इमारतीच्या उद्घाटनात देशभरातील आकडे जाहीरपणे मांडले होते. २६ टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नव्हते, १६ टक्क्यांत पुरुषांसाठीही नव्हते, आणि प्राथमिक वैद्यकीय मदत फक्त ५ टक्के ठिकाणी उपलब्ध होती. सर्वोच्च न्यायालयाच्या संशोधन व नियोजन केंद्राच्या २०२३ च्या अहवालात स्त्रियांसाठी वेगळी सोय नसलेल्या जिल्हा न्यायालयांचे प्रमाण १९.७ टक्के दिले आहे. दोन वर्षांत फरक पडला हे मान्य करते. परंतु त्याच अहवालात सॅनिटरी नॅपकिनचे यंत्र असलेल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहांचे प्रमाण ६.७ टक्के आहे, तेही वाचावे.

आता तर याला न्यायनिर्णयाचा आधार आहे. १५ जानेवारी २०२५ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या पीठाने सर्व न्यायालयांत पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे उभारण्याचे आणि त्यासाठी प्रत्येक उच्च न्यायालयात समिती नेमण्याचे आदेश दिले आहेत. तुमच्या निवेदनात या निर्णयाचा उल्लेख तारखेसह अवश्य करा. विनंती म्हणून लिहिलेले पत्र आणि आदेशाची अंमलबजावणी मागणारे पत्र यांच्याकडे कार्यालयात वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

निवृत्त_शिरस्तेदार

मी दिवाणी न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि शिरस्तेदार, म्हणजे कार्यालयातला मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे टेबलाच्या आतल्या बाजूने काही सांगतो.

ताईंचे म्हणणे योग्य आहे, त्यात दुमत नाही. परंतु स्कॅनिंगच्या निधीचा उल्लेख झाला आहे, तेव्हा त्या विषयावर थोडे सविस्तर लिहितो, कारण तो पैसा सत्कारणी लागेल की वाया जाईल हे अगदी खालच्या पातळीवर ठरते. निकाली प्रकरण अभिलेख कक्षात जाते तेव्हा त्याचे कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत लावून, पृष्ठांकन करून, सूची जोडून द्यायचे असतात. प्रत्येक वर्गाचा जतनाचा कालावधी वेगळा आहे. मनुष्यबळ पुरेसे होते तेव्हा हे काम वेळच्या वेळी होत असे. पुढे पदे रिक्त राहू लागली, एका कारकुनाकडे दोन-दोन टेबले आली, आणि गठ्ठे वर्गवारी न होताच कापडात बांधून मांडणीवर चढू लागले. आता असा गठ्ठा जसाच्या तसा स्कॅन केला, तर दाव्याची मूळ प्रत कुठे आहे, लेखी कैफियत कुठे, निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज आणि त्यावरील आदेश कुठे, हे शोधण्यासाठी पडद्यावरही सगळी पाने उलटावीच लागतात. काही जुन्या प्रकरणांत मोडीतले दस्त आहेत. ते कोणते हे सूचीत लिहिलेले नसेल, तर वाचणाऱ्याला छायाचित्रापलीकडे काही मिळणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की स्कॅनिंगचे काम बाहेरच्या संस्थेला देण्याआधी वर्गवारीचे काम करण्यासाठी दोन जाणती माणसे ठरावीक मुदतीसाठी द्यावीत. निवृत्त कर्मचारी मानधनावर घेतले तरी चालतील, आणि मला बोलावले तर मी आनंदाने येईन. वर उल्लेख झालेल्या २०२३ च्या अहवालातच देशभरातील जिल्हा न्यायालयांत सुमारे २७ टक्के कर्मचारी पदे रिक्त असल्याचे नमूद आहे. नव्या इमारतीत तेवढीच रिकामी टेबले घेऊन जायचे असेल, तर नकला मिळण्याचा वेळ आहे तेवढाच राहील.

तारीख_पे_तारीख

सर्वांच्या भावनांचा आदर राखून म्हणतो, की मूळ दुखणे न्यायाधीशांच्या संख्येचे आहे. विधी आयोगाने १९८७ मध्ये आपल्या १२० व्या अहवालात दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत असे सुचवले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते पाच वर्षांत साध्य करण्यास सांगितले. आजही आपण विशीच्या आसपास आहोत. एकट्या महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांत पन्नास लाखांहून अधिक प्रकरणे प्रलंबित असताना बाक आणि नळ यांवर चर्चा करून काय हाती लागणार?

वकीलीण_माणदेश

बाक आणि नळ नसल्यामुळे किती साक्षीदार दुसऱ्यांदा यायला नकार देतात, हे आपण एखाद्या फौजदारी न्यायालयात दिवसभर बसून पाहावे, ही मनापासून विनंती. साक्षीदार आला नाही म्हणून पडलेली तारीख प्रलंबिततेच्याच खात्यात जमा होते.

शिवाय न्यायाधीश वाढवले तर ते बसणार कुठे? मी वर सांगितलेल्या २०२३ च्या अहवालानुसार देशात २५,०८१ मंजूर पदांच्या तुलनेत न्यायदालने २०,८३१ होती. सगळी पदे उद्या भरली, तरी चार हजारांहून अधिक न्यायाधीशांना दालन मिळणार नाही.

तारीख_पे_तारीख

दालनांचा हा आकडा माझ्या वाचनात नव्हता. दोन्ही कामे बरोबरीने व्हायला हवीत हे पटले. न्यायाधीशांच्या संख्येचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

बांधकाम_उपअभियंता_निवृत्त

इमारतीच्या बाजूने लिहिणारा या धाग्यावर अजून कोणी दिसला नाही, म्हणून लिहितो. राज्यात न्यायालयांच्या इमारती सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो, निधी विधी व न्याय विभागाकडून येतो, आणि वापर न्यायिक अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतो. बांधकाम चालू असेपर्यंत सगळ्यांचे लक्ष असते. इमारत ताब्यात दिल्यानंतर टाकीचा व्हॉल्व्ह गळू लागला, की न्यायालयातून पत्र उपविभागाला जाते, उपविभाग अंदाजपत्रक करतो, ते मंजुरीला वर जाते, आणि किरकोळ दुरुस्तीच्या शीर्षाखाली त्या वर्षी रक्कम शिल्लक असली तर काम होते. दरम्यान टाकी रिकामी राहते आणि पाणी नाही म्हणून स्वच्छतागृहाला कुलूप लागते. कृष्णाकाठ यांनी वर्णिलेल्या कुलपामागे बहुतेक वेळा कोणाचा दुष्टपणा नसून असा एखादा व्हॉल्व्ह असतो.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक न्यायालय संकुलाला ठरावीक मर्यादेपर्यंतची दुरुस्ती स्वतःच्या अधिकारात, स्थानिक प्लंबर-वायरमन बोलावून करण्याइतका वार्षिक निधी हाताशी द्यावा आणि त्याचा हिशेब नाझराने, म्हणजे न्यायालयाचे पैसे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, ठेवावा. नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकातच पहिल्या काही वर्षांच्या देखभालीचा करार अंतर्भूत करून घेतला, तर फार उत्तम. मंजुरीच्या टप्प्यावर हे मागितले तर मिळू शकते, नंतर मिळत नाही.

नकाशा अजून अंतिम झाला नसेल तर आणखी एक गोष्ट जरूर पाहा. न्यायाधीशांचा, कोठडीतून आणलेल्या आरोपींचा आणि जनतेचा येण्या-जाण्याचा मार्ग वेगवेगळा ठेवण्याची पद्धत आहे, पण जागा कमी पडली की सर्वांत आधी जनतेचा व्हरांडा अरुंद केला जातो. प्रतीक्षेची जागा म्हणून नकाशात दाखवलेली खोली पुढे झेरॉक्स यंत्राला किंवा जुन्या कपाटांना दिली जाते. त्या खोलीचे क्षेत्रफळ आणि प्रयोजन दोन्ही लिहून घ्या.

कृष्णाकाठ

साहेब, अतिशय मोलाची माहिती दिलीत. देखभालीच्या कराराचा मुद्दा सूचनांत सर्वांत वर घेतो. न्यायालयाच्या आवारात या सगळ्यावर दररोज लक्ष ठेवणारा एखादा अधिकारी नसतो का? न्यायाधीशांनी साक्षी नोंदवायच्या की टाकीतले पाणी पाहायचे?

प्रशासन_अभ्यासक

आपण विचारलेले पद अस्तित्वात आहे. त्याला न्यायालय व्यवस्थापक म्हणतात. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायव्यवस्थेला जे ५,००० कोटी रुपये सुचवले, त्यांत ३०० कोटी या व्यवस्थापकांसाठी होते. न्यायाधीशांवरील प्रशासकीय भार हलका करणे, सुविधांवर देखरेख ठेवणे आणि कामकाजाच्या आकडेवारीवरून नियोजन करणे, अशी कामे त्यांच्याकडून अपेक्षित होती. परंतु त्या ५,००० कोटींतील बराचसा निधी राज्यांकडून खर्चच झाला नाही, आणि आयोगाची मुदत संपल्यावर अनेक राज्यांत ही पदे कंत्राटी स्वरूपात लोंबकळत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या पदाची गरज पुन्हा अधोरेखित केली, आणि १६ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सर्व उच्च न्यायालयांना आसामच्या २०१८ च्या नियमांचा नमुना समोर ठेवून सेवाभरतीचे नियम करण्यास सांगितले.

व्यवस्थापक मुख्यतः जिल्हा पातळीवर असतो, तालुक्याला नसतो. माझ्या मते नेमकी तिथेच उणीव आहे. दोन-तीन तालुक्यांना मिळून एक व्यवस्थापक आणि त्याच्याकडे वर सुचवलेला दुरुस्तीचा निधी असेल, तर या धाग्यावरच्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

निवृत्त_शिरस्तेदार

अभ्यासक महोदयांशी येथे मी असहमत आहे आणि ते स्पष्टपणे सांगतो. व्यवस्थापनाची पदवी घेतलेला तरुण येतो, तक्ते सुंदर करतो, पण समन्स बजावणी का रखडली आहे हे त्याला समन्स पोचवणाऱ्या बेलिफाच्या हद्दीचा नकाशा समजल्याशिवाय कळत नाही. हीच कामे शिरस्तेदार, नाझर आणि सहायक अधीक्षक परंपरेने करत आले आहेत. त्यांना अधिकार आणि थोडासा निधी दिला, तर नवे पद कशाला हवे? बाहेरून आणलेला माणूस आणि आतला कर्मचारी यांच्यात ओढाताण झाली, की काम दोघांच्या मधे पडून राहते, हे मी पाहिलेले आहे.

प्रशासन_अभ्यासक

काका, आपला अनुभव नाकारण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु शिरस्तेदारांकडे आज जे टेबल आहे, त्यावरचेच काम संपत नाही, असे आपणच वर लिहिले आहे. मग हे पद अनुभवी कर्मचाऱ्यांमधून बढतीने आणि प्रशिक्षण देऊन भरावे, अशी मागणी करता येईल का?

निवृत्त_शिरस्तेदार

त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

चाकावरून

मी चाकाची खुर्ची वापरतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचे कलम १२ आम्हाला न्यायालयापर्यंत विनाअडथळा पोहोचण्याचा हक्क देते. एका न्यायालयात माझी साक्ष होती आणि दालन पहिल्या मजल्यावर होते. न्यायाधीश महोदया स्वतः खाली आल्या, तळमजल्यावरच्या एका रिकाम्या दालनात बसल्या आणि तिथे त्यांनी माझी साक्ष नोंदवली. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. पण माझे येणे एखाद्या व्यक्तीच्या चांगुलपणावर अवलंबून राहू नये, एवढीच अपेक्षा आहे.

रॅम्प असतो, पण त्याच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या असतात, किंवा चढ इतका तीव्र असतो की दोघांनी ढकलावे लागते. उतार एकास बारापेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचे दार बाहेरच्या बाजूला उघडावे, नाहीतर खुर्ची आत गेल्यावर दार लावता येत नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला पायरी असते, तिचा विचार तर कोणीच केलेला नसतो. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्यात दिव्यांगांच्या सोयींसाठी २७.५४ कोटींची वेगळी तरतूद आहे. संपूर्ण देशाच्या मानाने ती तुटपुंजी आहे, तरीही आपल्या न्यायालयाने त्यातून काही मागितले आहे का, हे विचारून घ्यावे.

पंचगंगा_घाट

सुविधा म्हणताना अंतराचाही विचार व्हावा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील माणसाला उच्च न्यायालयातील कामासाठी मुंबई गाठावी लागत होती. रात्रीचा प्रवास, मुक्कामाचा खर्च, आणि प्रकरण बोर्डावर येऊनही पुकारले गेले नाही तर तसेच परत. चार दशकांहून अधिक काळ वकील आणि नागरिक यांनी लढा दिल्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचे, कामकाज सुरू झाले. नवे संकुल बांधून होईपर्यंत थांबायचे असे ठरवले असते, तर आणखी किती वर्षे गेली असती कोणास ठाऊक. सीपीआर रुग्णालयासमोरची जुन्या न्यायालयाची इमारत दुरुस्त केली आणि काम सुरू केले. मला यातला मार्ग महत्त्वाचा वाटतो. जुनी दगडी इमारत भक्कम असेल, तर ती सोडून गावाबाहेर नवे संकुल बांधण्याचा अट्टहास का करावा?

बांधकाम_उपअभियंता_निवृत्त

जुन्या इमारतींविषयी सहमत आहे, मात्र एक सावधगिरी हवी. दगडी भिंतीतून वायरिंग नेणे, सर्व्हरच्या खोलीला थंडावा देणे आणि अभिलेख कक्षात आगीपासून संरक्षण करणे, ही कामे जुन्या इमारतीत जास्त खर्चाची असतात. नवे संकुल गावाबाहेर गेल्यावर एसटीचा थांबा तिथे होईल, याची लेखी हमी घेतल्याशिवाय जागा स्वीकारू नये, असे मी नोकरीत असताना प्रत्येक बैठकीत सांगत असे.

नवोदित_वकील

ई-फायलिंगवर, म्हणजे दावे आणि अर्ज ऑनलाइन दाखल करण्यावर, अजून कोणी लिहिले नाही. मी त्याच्या बाजूचा आहे. दावा दाखल झाला की सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळतो. आपल्याकडे तो एमएच अक्षरांनी सुरू होतो. त्यावरून पक्षकाराला पुढची तारीख आणि आदेश मोबाईलवर घरबसल्या पाहता येतात. माझ्या अनेक अशिलांना हे माहीतच नसते, आणि केवळ तारीख विचारण्यासाठी ते तालुक्याला येतात. नोटीस फलकावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, हा क्रमांक कुठे शोधायचा आणि कसा वापरायचा हे लिहिले, तर त्याला खर्च किती येणार?

पण ज्येष्ठ वकिलांचा विरोध केवळ सवयीचा आहे असेही मी म्हणणार नाही. मुदतीचा शेवटचा दिवस आहे, वीज गेली आहे, पीडीएफची फाइल वर चढत नाही, आणि तालुक्यात ई-सेवा केंद्राची खिडकी एकच आहे, अशा वेळी हक्क बुडण्याची भीती खरी असते. ई-सेवा केंद्रात प्रशिक्षित माणूस, चालू स्थितीतील स्कॅनर आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी असेल, तरच ई-फायलिंगची सक्ती न्याय्य ठरेल.

बालहक्क_पुणे

एका गोष्टीकडे लक्ष वेधते. लहान मुले आणि लैंगिक अत्याचाराचे पीडित यांच्या साक्षीसाठी स्वतंत्र केंद्र असावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात दिले, आणि देखरेखीसाठी न्या. गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही केंद्रे मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी होतात. तालुक्याच्या नव्या इमारतीत निदान एक लहान खोली अशी ठेवावी, जिचे दार आरोपी उभे असतात त्या व्हरांड्यात उघडणार नाही. मूल न्यायालयात येते तेव्हा त्याला सर्वांत जास्त भीती साक्षीची नसते, ती त्या व्हरांड्याची असते. मी मुलांना हाताला धरून तिथून नेलेले आहे आणि त्यांचे हात थंड पडलेले मला जाणवले आहेत.

कृष्णाकाठ

ताई, ही खोली सूचनांत घेतो. दार कोणत्या बाजूला उघडावे, हेसुद्धा लिहितो.

आतापर्यंतचे सगळे वाचल्यावर मूळ प्रश्नाकडे पुन्हा येतो. स्वच्छतागृह, देखभालीचा करार, रॅम्प आणि साक्षीदारांची खोली हे सर्व इमारतीच्या नकाशात बसते. पुकाऱ्याच्या वेळेचे काय? आईला दिवसभर बसावे लागते, त्याला कारण इमारत नाही.

वकीलीण_माणदेश

ते कारण बोर्डाच्या रचनेत आहे. सगळ्यांना अकराला बोलवायचे आणि ज्याचा क्रमांक येईल त्याला घ्यायचे, ही रीत आहे. काही न्यायाधीश स्वतःहून दुपारच्या सुट्टीआधी किरकोळ कामे, अर्ज आणि तारखा घेतात आणि दुपारनंतर पुरावा ठेवतात. तशी वाटणी बोर्डावरच छापली, तर पुराव्याच्या साक्षीदाराला अडीचला येता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि रुपयाही लागत नाही.

दुसरे, पुकारा ऐकू येण्याचे. पट्टेवाला दारात उभा राहून नाव घेतो आणि व्हरांड्यात गर्दी असली, की खाली झाडाखाली बसलेल्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही. त्यात दिवाणी दावा गैरहजेरीमुळे काढून टाकला जातो, फौजदारीत वॉरंट निघते, आणि मग दावा पुन्हा नोंदीवर घेण्याचा किंवा वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा लागतो. प्रत्येक दालनाबाहेर चालू क्रमांक दाखवणारा फलक आणि आवारात ध्वनिक्षेपक असेल, तर हे अर्जच कमी होतील. अनेक जिल्हा न्यायालयांत असे फलक लागले आहेत. तुमच्या तालुक्याला मागा.

तारीख_पे_तारीख

माझ्या मूळ मताला धरूनच हे सुचवतो. न्यायाधीश रजेवर किंवा प्रशिक्षणाला असतील, तर ते बहुधा आदल्या दिवशी कार्यालयाला ठाऊक असते. त्या दिवशी बोर्डावर असलेल्या पक्षकारांच्या नोंदवलेल्या मोबाईलवर संध्याकाळपर्यंत संदेश गेला, तर किती फेऱ्या वाचतील? प्रकरणाच्या तपशिलाचे संदेश पाठवण्याची व्यवस्था ई-कोर्टमध्ये आधीपासून आहे. फक्त पक्षकाराचा क्रमांक नोंदवलेला असावा लागतो, आणि पुष्कळ प्रकरणांत तो नोंदवलेलाच नसतो.

निवृत्त_शिरस्तेदार

अगदी योग्य. जुन्या प्रकरणांत मोबाईल क्रमांक नाहीत. कृष्णाकाठ, आपण पुढच्या तारखेला आपल्या वकिलांमार्फत एक साधा अर्ज देऊन आईंचा आणि आपला क्रमांक नोंदवून घ्यावा. हे आजच होऊ शकते, त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

सूचनांच्या पत्राबाबत सांगायचे, तर ते केवळ वकील संघटनेकडे देऊ नका. एक प्रत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे आणि एक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या नावे आवक शाखेत द्या, आणि तिन्ही ठिकाणी पोच घ्या. आवक क्रमांक पडलेले पत्र नस्तीत लागते आणि पुढे कोणी माहिती मागितली तर सापडते.

कृष्णाकाठ

काका, तसेच करतो. पत्राचा मसुदा या आठवड्यात येथे टाकतो. उपअभियंता साहेबांनी देखभालीच्या कलमाची भाषा आणि चाकावरून यांनी रॅम्प व दारांची मापे तपासून द्यावीत, ही विनंती.

चाकावरून

मापे आज रात्रीच लिहून देतो. पाणी पिण्याचा नळ किती उंचीवर असावा हेही त्यात घालतो, तो नेहमीच राहून जातो.

बांधकाम_उपअभियंता_निवृत्त

मसुदा टाकताना नकाशा मंजुरीला गेला आहे की नाही, ते उपविभागात विचारून कळवा. गेला असेल तर बदलांसाठी पत्रात सुधारित अंदाजपत्रकाची मागणी करावी लागेल आणि तिची भाषा वेगळी असते.

वकीलीण_माणदेश

आणि स्वच्छतागृहाच्या किल्लीचेही लिहा. कुलूप लावायचेच असेल, तर किल्ली स्त्री कर्मचाऱ्याकडे राहील आणि तिचे टेबल कोणते, हे दारावर लिहिलेले असेल.

कृष्णाकाठ

लिहितो, ताई.